सुटकेनंतरचं गाव : अभ्यास कसा करायचा?





वर्धा मार्गावर आपलं नागपूरचं मध्यवर्ती कारागृह आहे, १८६४ सालचं. आत कोण गेलं, कोणाला फाशी झाली, कोण भिंत ओलांडून पळालं, हे सगळं आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण त्याच दरवाजातून माणसं बाहेरही पडत असतात. कोणी जामिनावर, कोणी निर्दोष सुटून, कोणी शिक्षा भोगून, कोणी माफीचे दिवस धरून जन्मठेप संपवून. त्यांची बातमी होत नाही. ती माणसं कुठं जातात? कोणाच्या घरी उतरतात? दोन वर्षांनी कुठं असतात? नागपुरात राहणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही हे नीट सांगता येणार नाही. शासनालाही येणार नाही, कारण दरवाजाबाहेरचं पाऊल कोणत्याच रजिस्टरमध्ये चढत नाही.

हे जाणून घ्यायचं तर कसं? माझा आजचा विषय तेवढाच आहे. संशोधनपद्धती म्हटलं की विद्यार्थी प्रबंधातलं तिसरं प्रकरण आठवतात आणि बाकीचे लोक घड्याळाकडं बघतात. पण आपण माहिती कोणाला विचारतो, कुठं उभं राहून विचारतो, कधी विचारतो, यावर पुढं कोणाला काम मिळेल, कोणाला रजा मिळेल, कोणाला पोलीस उचलतील, हे ठरत असतं. म्हणून हा विषय सभागृहात मांडण्याजोगा आहे, असं मला वाटतं.

सुरुवात मोजणीपासून करते. सुटलेल्या माणसांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातले किती जण पुन्हा आत जातात? प्रश्न रास्त आहे. पण ‘पुन्हा’ म्हणजे नेमकं काय? पुन्हा अटक, पुन्हा शिक्षा, की पुन्हा तुरुंगात रवानगी? आणि किती काळात? अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागानं २००५ साली तीस राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा नऊ वर्षं माग ठेवला. तीन वर्षांत ६८ टक्के आणि नऊ वर्षांत ८३ टक्के लोकांना एकदा तरी पुन्हा अटक झाली. ऐकून धडकी भरते. नॉर्वेचा म्हणून वीस टक्क्यांचा आकडा सगळीकडं सांगितला जातो आणि ऐकणारा लगेच म्हणतो, बघा, तिथले तुरुंग किती चांगले! असतीलही चांगले. पण नॉर्वेचा आकडा दोन वर्षांतल्या नव्या शिक्षेचा आहे आणि अमेरिकेचा नऊ वर्षांतल्या अटकेचा. या दोघांची तुलना करून धोरण आखणं धोक्याचं आहे, आणि परिषदांमधून ती सर्रास केली जाते.

आपल्याकडं काय आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी कारागृहांची आकडेवारी छापतो. तिच्यात शिक्षा झालेल्यांपैकी ‘सराईत’ म्हणून नोंदलेले जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास दिसतात. मग उरलेले ९८ टक्के सुधारले असं समजायचं का? मुळीच नाही. हा आकडा आत असलेल्यांचा आहे. बाहेर पडलेल्या शंभरातले किती परत आले, हे त्यातून कळू शकत नाही. नागपुरातून सुटलेला माणूस कामाच्या शोधात बैतूलला गेला, दुर्गला गेला, तिथं पुन्हा पकडला गेला, तर आपल्या कारागृहाच्या दृष्टीनं तो चांगलाच निघाला! परत न येणं आणि घरी पोचणं या दोन गोष्टी आपण एकच धरून चाललो आहोत, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. तुरुंगात परत न आलेला माणूस गावात परतला असेलच असं नाही. तो रेल्वे स्टेशनच्या फलाटावर असेल, दुसऱ्या जिल्ह्यात नाव बदलून राहत असेल, दारूनं मेला असेल. या सगळ्यांची नोंद यशात होते.

आणखी एक गोष्ट. २०२२ अखेर देशातल्या कारागृहांत ५ लाख ७३ हजार बंदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजार न्यायाधीन, म्हणजे बराकीच्या भाषेत कच्चे कैदी. शंभरातले ७६. ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही अशी ही माणसं. त्यांतली कितीतरी निर्दोष सुटतात. त्यांना ‘माजी गुन्हेगार’ म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पण वस्तीला हा फरक दिसत नाही. वस्तीसाठी तो ‘जेलातून आलेला’ असतो. तीन वर्षं खटल्याविना आत राहून निर्दोष सुटलेल्याची नोकरी गेलेली असते, बायको माहेरी गेलेली असते, ऑटो फायनान्सवाल्यानं ओढून नेलेला असतो. फक्त शिक्षा झालेल्यांचा अभ्यास करणारा संशोधक या तीन चतुर्थांश माणसांना पहिल्याच पानावर वगळून टाकतो. अभ्यास ‘सुटलेल्यांचा’ करायला हवा. गुन्हा सिद्ध झाला की नाही, ही त्यातली एक नोंद, एवढंच.

आता अटकेच्या आकड्याकडं जवळून बघू. अटक माणसाचं वागणं मोजते की ठाण्याचं? गणपती आले, निवडणूक आली, की यादीतल्या माणसांना ठाण्यात बोलावणं जातं. प्रतिबंधक कारवाई होते. ज्याचं नाव एकदा यादीत चढलं त्याला अटक होण्याची शक्यता, त्यानं काही केलं नाही तरी, शेजाऱ्यापेक्षा जास्त असते. त्यावर तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधल्या ५५, ५६ आणि ५७ या कलमांखाली माणसाला हद्दीबाहेर काढता येतं, दोन वर्षांपर्यंत. नागपूरच्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या आपण नेहमी वाचतो. कोणाला तडीपार करावं हा वाद मी इथं घालत नाही. काही वस्त्यांना त्याची खरोखर गरज वाटते, आणि त्या वस्त्यांकडं मी पुढं येणार आहे. पण अभ्यासकानं एवढं ध्यानात घ्यावं, की ज्या माणसाच्या ‘परतण्याचा’ आपण अभ्यास करतोय त्याला परतायला कायद्यानंच मनाई असू शकते. आणि बंदी असताना आईला बघायला घरी आला म्हणून तो सापडला, तर तोही पुन्हा गुन्हा केल्याच्या रकान्यात जाऊन बसतो.

पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, तर हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. विमुक्त समाज आजही तो दिवस पाळतो. पण सात वर्षांत, १९५९ साली, मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला. अमरावती, यवतमाळ, वर्धा जिल्ह्यांतल्या फासेपारधी बेड्यांवर आजही आसपास चोरी झाली की पहिली गाडी तिकडं वळते. तिथल्या पोराच्या अटकांची संख्या मोजून त्याचा सुधार मोजणार असाल, तर तुम्ही दीडशे वर्षांचा पूर्वग्रह मोजाल आणि त्याला संशोधन म्हणाल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. कारागृहांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी रद्द झाली, विमुक्त जमातींना सराईत ठरवणाऱ्या तरतुदींवर बोट ठेवलं गेलं, आणि बंद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं गेलं. निकाल अत्यंत योग्य आहे. पण त्यातून अभ्यासकावर एक जबाबदारी येते. गावात परत घेताना जात आड येते की नाही, हे आता रजिस्टर उघडून कळणार नाही. ते त्या माणसालाच, त्याच्या संमतीनं, कशासाठी विचारतोय हे सांगून विचारावं लागेल. काम वाढलं. वाढू द्या.

दुसरा मुद्दा : माणसं शोधायची कुठून? हा प्रश्न विद्यार्थ्यांना तांत्रिक वाटतो. पण ज्या दारातून तुम्ही आत शिराल, तेवढंच घर तुम्हाला दिसेल. पोलीस ठाण्यातून यादी घेतली तर ठाण्याच्या नजरेतलीच माणसं मिळतील. संस्थेकडून नावं घेतली तर मदत मागायला आलेली मिळतील. आपल्याकडं अशी कामं करणाऱ्या संस्था थोड्या आहेत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून चालतो, अमरावतीची ‘वऱ्हाड’ संस्था बंद्यांच्या कुटुंबांबरोबर काम करते. त्यांच्याकडचा अनुभव अमोल आहे. पण मदत मागायला न आलेला माणूस का आला नाही, हे त्यांच्या दफ्तरातून कळणार नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याच माणसाची वाटते.

मग दार कोणतं? कारागृहाचंच. तेही सुटकेच्या आधी. ब्रूस वेस्टर्न या समाजशास्त्रज्ञानं बोस्टनमध्ये २०१२-१३ साली हे करून दाखवलं. मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांतून सुटणाऱ्या १२२ स्त्री-पुरुषांची पहिली मुलाखत सुटकेआधी आत घेतली आणि मग वर्षभर ठरावीक अंतरानं त्यांना गाठलं, मिळून पाच मुलाखती. दहातले नऊहून जास्त जण शेवटपर्यंत टिकले. हे घडलं कसं? त्यांनी प्रत्येकाकडून आईचे, बहिणीचे, मावशीचे फोन नंबर आधीच घेऊन ठेवले, प्रत्येक मुलाखतीचा मोबदला दिला, आणि माणूस हरवला की रस्त्यावर उतरून शोधला. सांख्यिकीची एखादी नवी युक्ती यापेक्षा जास्त काही देईल असं मला वाटत नाही.

आणि एकच मुलाखत घेऊन का भागत नाही, तेही सांगते. काटोल तालुक्यातल्या एका गावातला माणूस जन्मठेप संपवून घरी आला होता. तो आत गेला तेव्हा हजाराची नोट चालत होती. सुटला तेव्हा गावातल्या चहाच्या टपरीवरही पैसे मोबाइलवर घेत होते. काचेवर चिकटवलेला तो चौकोनी ठिपक्यांचा कागद कशाचा आहे, हे विचारायची त्याला लाज वाटायची, म्हणून तो टपरीवर जातच नसे. पहिल्या भेटीत त्यानं प्रत्येक प्रश्नाला ‘सगळं बरं आहे’ एवढंच उत्तर दिलं. प्रश्नावली भरून झाली. तिच्यावरून अहवाल लिहिला असता तर लिहिलं असतं : कुटुंबानं स्वीकारलं, राहायची सोय आहे, शेती आहे.

बऱ्याच महिन्यांनी त्याची आई एकटी भेटली, तेव्हा चित्र उलगडलं. शेत होतं, पण सातबाऱ्यावर आता फक्त भावाचं नाव होतं. राहायची सोय म्हणजे गोठ्यात टाकलेली खाट. भावजय वाईट नव्हती. तिच्या वयात आलेल्या दोन मुली होत्या आणि सोयरिकीचं बघायचं होतं. भांडण मुळात धुऱ्याचं होतं. दोन शेतांमधल्या हातभर रुंदीच्या बांधावरून एक खून झाला होता, आणि मेलेल्याचं घर त्याच गल्लीत, चार घरं सोडून. हा माणूस पहाटे अंधार असताना मागच्या वाटेनं शेतात जायचा आणि दिवेलागणीनंतर परतायचा. गावात राहूनही तो गावाला दिसत नव्हता. पुन्हा गुन्हा? नाही. पुन्हा अटक? नाही. कोणत्याही आकडेवारीत तो यशस्वी होता.

आता सांगा, हा माणूस परतला होता का?

इथं मी माझ्या तिसऱ्या आणि मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्यावर येते. परतणं एकट्या माणसाचं नसतं. त्याच्या समोर एक गाव असतं, एक वस्ती असते, आणि तिथं ज्याच्यावर अन्याय झाला ते घरही असतं. फक्त सुटलेल्याला विचारून केलेला अभ्यास अर्धा असतो. मेलेल्याच्या विधवेला कोणी विचारलं का? तिला सुटकेची खबर कोणी दिली? की सकाळी पाणी भरायला गेली तेव्हा तो समोर दिसला?

नागपूरला तर हे कोणी शिकवायला नको. १३ ऑगस्ट २००४. जिल्हा न्यायालयात गुंड अक्कू यादवला जमावानं ठार केलं, आणि त्या जमावात कस्तुरबानगरच्या बायका होत्या. वर्षानुवर्षं त्याच्या दहशतीखाली काढलेल्या. तो पकडला जायचा, जामिनावर सुटायचा आणि त्याच वस्तीत परतायचा. हा पुन्हा सुटून येणार, ही भीती त्या दिवशी टोकाला गेली. जगभर त्या घटनेवर लिहिलं गेलं, कोणी बायकांचं कौतुक केलं, कोणी कायद्याच्या पराभवाचं दुःख केलं. मला त्यातून अभ्यासाचा एक प्रश्न दिसतो. वस्तीत ‘परत येणं’ हा शब्द तिथल्या बायकांसाठी काय होता? पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्यानं हे विचारलं नाही, तर तो सुटलेल्याचा वकील होईल, अभ्यासक होणार नाही. वस्तीची भीती खरी असते. कधी ती अफवेवर उभी असते, कधी अनुभवावर, आणि यातलं काय कुठं आहे हे शोधायला दारोदार बसून ऐकावंच लागतं.

गावाचं मत कळायला आपल्याकडं एक लिखित साधनही आहे, आणि त्याच्याकडं कोणाचं फारसं लक्ष जात नाही. फर्लो-पॅरोल नियमांप्रमाणं बंदी रजेसाठी अर्ज करतो. संचित रजा, अभिवचन रजा असे शब्द आपण ऐकलेले असतात. अर्ज आला की पोलिसांचा अहवाल मागवतात. हवालदार गावात जातो, जामीन राहणाऱ्या नातेवाइकाचा जबाब घेतो, फिर्यादीकडच्यांना हरकत आहे का विचारतो, आणि मग अनुकूल किंवा प्रतिकूल अहवाल येतो. म्हणजे एकाच माणसाबद्दल, वर्षांच्या अंतरानं, गाव काय म्हणालं हे त्या धारिकांमध्ये पडलेलं आहे. पाचव्या वर्षी फिर्यादीकडचे काय म्हणाले, दहाव्या वर्षी काय म्हणाले, जामीन म्हणून आधी बाप उभा राहिला आणि पुढं भाऊ राहिला की नाही. हवालदाराची भाषा ठोकळेबाज असते, कधी अहवाल गावात न जाताही लिहिला जातो, हे धरून वाचावं लागेल. पण नावं झाकून या धारिका अभ्यासकांना पाहू दिल्या, तर विदर्भातल्या गावांचा राग किती वर्षांत निवळतो आणि कुठं निवळत नाही, हे सांगता येईल. हे काम कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावं अशी माझी फार इच्छा आहे.

गावाशिवायचं परतणंही आपल्या शेजारी आहे. गडचिरोलीत २००५ पासून आत्मसमर्पणाची योजना चालू आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये माओवादी पक्षाचा वरिष्ठ नेता भूपती यानं साठ साथीदारांसह तिथं शस्त्रं खाली ठेवली. अशा अनेकांना आपल्या मूळ गावी जीवाच्या भीतीनं जाता येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, पोलिसांच्या सावलीत संसार मांडावा लागतो. तिथं गावाचा अभ्यास करून काय कळणार? तिथं नव्या शेजाराचा, नव्या कामाचा अभ्यास हवा, आणि तोही गोंडी जाणणाऱ्यानं करावा. दुभाष्या पोलीस असेल तर मुलाखत घेऊच नये.

याउलट, समाजच आत नेण्याचा प्रयोग याच महाराष्ट्रात झाला. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली स्वतंत्रपूर वसलं. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनी खुनाची शिक्षा झालेल्यांना भिंतीविना, कुटुंबासकट शेती करायला ठेवलं. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आंखें बारह हाथ’ या सिनेमाची प्रेरणा तीच. आज राज्यात खुली कारागृहं आहेत, आपल्याजवळचं मोर्शीचं. मी विचारते, या साऱ्या वर्षांत स्वतंत्रपुरात राहिलेल्या माणसांची पुढची आयुष्यं कोणी सलग लिहून ठेवायला नकोत का? त्यांची मुलं-नातवंडं काय करतात? सिनेमा सगळ्यांनी पाहिला, पण त्या माणसांचं पुढं काय झालं हे विचारायची सवय आपल्याला लागली नाही.

आणि लांबचा माग घेतला तर काय मिळतं, याचं उदाहरण आहे. शेल्डन आणि एलिनॉर ग्लुएक या दांपत्यानं बोस्टनच्या ५०० गुन्हेगार मुलांची माहिती १९४० पासून गोळा केली. पुढं ती खोक्यांमध्ये हार्वर्डच्या तळघरात पडून राहिली. सॅम्पसन आणि लॉब या दोघांनी ती खोकी बाहेर काढली, आणि त्यांतली मुलं सत्तरीची म्हातारी होईपर्यंत त्यांचा शोध घेतला. दिसलं काय? बहुतेक सगळे कधी ना कधी गुन्ह्यांतून बाहेर पडले. कोणी टिकाऊ नोकरीनं, कोणी लग्नानं, कोणी नुसत्या वयानं. लहानपणावरून कोण कधी थांबेल, हे सांगता येत नव्हतं. ‘हा जन्माचाच असा’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकासमोर मी हा अभ्यास ठेवते.

आता प्रयोगांबद्दल. तरुण अभ्यासकांना हल्ली वाटतं, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना मदत द्यावी, निम्म्यांना देऊ नये आणि फरक मोजावा; तेच खरं विज्ञान. या पद्धतीचं मोल मी जाणते. केंब्रिज आणि सॉमरव्हिल या अमेरिकन गावांत १९३९ मध्ये असाच प्रयोग सुरू झाला. जोड्या लावून निम्म्या मुलांना वर्षानुवर्षं समुपदेशन, मदत, उन्हाळी शिबिरं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्या माणसांना गाठलं. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश म्हणाले, आमचं भलं झालं. आणि नोंदी पाहिल्या तर मदत मिळालेल्यांची गत काही बाबतींत दुसऱ्या गटापेक्षा वाईट होती. फक्त मुलाखती घेतल्या असत्या तर हे कधीच कळलं नसतं. म्हणून मी मुलाखतीची पुजारी नाही. ज्यांचं ऐकायचं त्यांच्या नोंदीही तपासायच्या.

पण आपल्याकडं आज निम्म्यांना मदत नाकारायची वेळच येत नाही, कारण कोणालाच नीट मदत नाही. त्यामुळं आधी परिस्थितीनं आपोआप घडवलेले प्रयोग वापरावेत. कतरिना वादळानं २००५ साली न्यू ऑर्लिन्सच्या वस्त्याच उद्ध्वस्त केली. सुटलेली माणसं जुन्या मोहल्ल्यात परतूच शकली नाहीत. डेव्हिड कर्क यांनी दाखवलं, की दुसरीकडं राहायला गेलेल्यांचं पुन्हा तुरुंगात जाणं कमी झालं. आपल्याकडं तसा प्रसंग २०२० मध्ये आला. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्चमधल्या आदेशानंतर राज्यांनी उच्चाधिकार समित्या नेमल्या, महाराष्ट्रानं मे महिन्यात नियम बदलून आपत्कालीन पॅरोल दिली. एरवी ज्यांना रजा मिळाली नसती अशी कितीतरी माणसं महिनोन्‌महिने घरी राहिली. काम बंद, रस्ते बंद, गावात बाहेरून आलेल्याची आधीच भीती. त्या काळात काय घडलं? कोणी काय केलं, कोणाला गावानं ठेवून घेतलं, कोण मुदतीत परत आला, कोण आला नाही आणि का? नोंदी कारागृहांत आहेत, माणसं जिवंत आहेत. हा अभ्यास आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही.

नोकरीबद्दल थोडक्यात. डेव्हा पेजर यांनी मिलवॉकीत सारख्याच पात्रतेचे तरुण कामाच्या अर्जासाठी पाठवले. गोऱ्या उमेदवाराला निर्मळ नोंद असताना ३४ टक्के ठिकाणी बोलावणं आलं, तुरुंगाची नोंद दाखवल्यावर १७. काळ्या उमेदवाराला अनुक्रमे १४ आणि ५. म्हणजे गुन्हा केलेला गोरा आणि काहीच न केलेला काळा यांच्यात मालकानं गोरा निवडला. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत, आडनाव बदलून, हे करून पाहण्याजोगं आहे. मात्र आपल्याकडं बरंचसं काम अर्जावर मिळत नाही, ठेकेदाराच्या ओळखीवर मिळतं. तेव्हा ठेकेदारांमध्ये बसल्याशिवाय ही पद्धत इथं लंगडी पडेल.

बायकांचं तर वेगळंच. सुटकेच्या दिवशी पुरुषाला न्यायला बहुधा कोणीतरी येतं. बाईला पुष्कळदा कोणी येत नाही. आत असतानाच मुलाखतीला येणारे थांबलेले असतात. सासर बंद, माहेरी वहिनी. मुलं कोणाकडं आहेत हे शोधण्यापासून तिची सुरुवात. त्यांची संख्या कमी म्हणून सरासरीत त्या दिसत नाहीत. त्यांच्यासाठी नमुना निवडूच नये. जेवढ्या सुटतील तेवढ्या सगळ्यांना भेटावं.

शेवटचा मुद्दा अभ्यासकाच्या वागण्याचा. वस्तीत तुम्ही गाडीतून उतरता, हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र, आणि टपरीवर विचारता, अमुक अमुक कुठं राहतो? ज्या माणसानं मालकाला, घरमालकाला, होणाऱ्या सासऱ्याला काही सांगितलेलं नाही, त्याचं सगळं तुम्ही एका प्रश्नात उघडं केलं. हे नुकसान कोणत्याही संमतिपत्रानं भरून निघत नाही. भेटायचं कुठं हे त्यानं ठरवावं. आत असताना घेतलेली संमती बाहेर आल्यावर पुन्हा घ्यावी, कारण अधीक्षकांच्या कार्यालयात बसलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकेल असं मानणं भाबडेपणाचं आहे. आणि वकील-अशिलासारखं संरक्षण संशोधकाला आपल्या कायद्यात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३३ व्या कलमानं काही गंभीर गुन्ह्यांची माहिती कळल्यावर ती कळवणं सगळ्यांचंच कर्तव्य आहे. तेव्हा न उघडकीस आलेल्या गुन्ह्यांबद्दल विचारूच नका, आणि असं काही सांगू नका हेही त्याला मुलाखतीआधी स्पष्ट सांगा.

या सगळ्यातून नागपूरसाठी मी काय सुचवते? या शहरात समाजकार्याची जुनी महाविद्यालयं आहेत, विद्यापीठ आहे, राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. कारागृह विभागाच्या परवानगीनं एका वर्षात नागपुरातून सुटणाऱ्या सगळ्या स्त्रिया आणि चिठ्ठ्यांनी निवडलेले पुरुष घ्यावेत, कच्चे आणि पक्के दोन्ही. पहिली भेट आत. मग महिन्याभरात, सहा महिन्यांनी, आणि पुढं तीन वर्षं दर सहा महिन्यांनी. प्रत्येकाबरोबर घरातली एक व्यक्ती, आणि जिथं ते घर तयार असेल तिथं फिर्यादीकडची एक व्यक्ती, वेगळ्या कार्यकर्त्यानं भेटावी. सोबत रजेच्या धारिका आणि न्यायालयाच्या नोंदी. मुलाखत घेणाऱ्यांमध्ये भंडारा-गोंदियाकडची पोरं हवीत, गोंडी बोलणारी हवीत, हिंदी वस्तीत वाढलेली हवीत, आणि कारागृहातून सुटून आज उभे राहिलेले एक-दोघं तरी, मानधनावर, बरोबरीच्या नात्यानं हवेत. पैसा लागेल तो यंत्रांवर लागणार नाही; एसटीच्या तिकिटांवर, मोबदल्यावर आणि कार्यकर्त्यांच्या तीन वर्षांच्या पगारावर लागेल. दर अकरा महिन्यांनी कार्यकर्ता बदलणार असेल तर हा अभ्यास सुरूच करू नये, कारण काटोलच्या त्या आईनं नव्या माणसाजवळ तोंड उघडलं नसतं. आज इथं महाविद्यालयांचे प्राचार्य बसलेले आहेत, व्याख्यान संपल्यावर मी त्यांना भेटणार आहे, आणि परवानगीच्या अर्जाचा मसुदा मी सोबत आणलेला आहे.